चौथा गडी

दोन हजार तेवीस साल. त्या वर्षी कृष्णेला पूर आला नाही, त्यामुळे सांगलीकरांना पावसाळाभर चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. विनोदिनीबाईंना मात्र नदीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा मेंढीकोटाचा डाव मोडला होता.

विश्रामबागेत वर्षानुवर्षं चाललेला डाव तो. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या चार बायका, ट्रंककॉल जोडता जोडता अर्ध्या जिल्ह्याची लग्नं आणि भानगडी ऐकलेल्या, निवृत्त झाल्यावर रोज दुपारी पत्ते कुटत बसायच्या. त्यातल्या दोघी वर गेल्या आणि तिसऱ्या मधुताईंना मुलानं वाईला नेलं. हे तिसरं विनोदिनीबाईंना जास्त लागलं. गेलेलं माणूस निदान फोन करून घाटावरच्या आरतीचं वर्णन ऐकवत नाही.

बाईंनी काही दिवस एकटीनं पत्ते लावून पाहिले. पण स्वतःला हरवण्यात काय गंमत? त्यांना हरवायला दुसरं माणूस लागे, आणि तेही हरल्यावर चिडणारं. असे तीन गडी मिळाले नाहीत तर आपण लवकरच देवधर्माला लागू, अशी त्यांना धास्ती पडली होती.

त्याच सुमाराला ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्ष संयोगिता मॅडम यांनी ‘दोन पिढ्या, एक वाट’ नावाचा उपक्रम काढला. मॅडम स्वतः जेमतेम साठीच्या. त्यामुळे म्हाताऱ्यांचं भलं कशात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दर शनिवारी कॉलेजची मुलं हॉलवर येणार, ज्येष्ठ त्यांना अनुभव सांगणार आणि मुलं ज्येष्ठांना मोबाईल शिकवणार. पहिल्या शनिवारी हॉल भरला. एका आजोबांनी आपल्या मुंजीपासून अनुभव सांगायला घेतले, ते चहाच्या वेळेपर्यंत मॅट्रिकला पोचले. पुढच्या शनिवारी निम्मी मुलं आली. मग दोनच उरली, पूजा आणि जयराज. त्यांची कॉलेजातली हजेरी इतकी कमी होती की ती इथं भरून काढल्याशिवाय त्यांना पळताही येत नव्हतं.

पूजा शिराळ्याची, होस्टेलवर राहणारी. मॅडमनी तिला माहितीपत्रकं वाटायला दिली, तशी तिनं तो गठ्ठा दोन हातांत धरला, अंगठ्यानं फर्रकन पिसला आणि पंख्यासारखा उघडला. विनोदिनीबाई खुर्चीतून सरळ झाल्या.

“कुणी शिकवलं गं?”

“काय, आजी?”

“पिसायला.”

पूजा लाजली. “आमच्या आज्यानं. नागपंचमीला पाव्हणं गोळा झालं की रातभर डाव असतोय.”

“मेंढीकोट?”

“मग काय! बंद हुकमाचा.”

बाईंना गहिवरून आलं. तिसरा गडी त्यांनी समोरच्या रांगेतून उचलला. आकाराम सुभेदार साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले, सगळ्या सरहद्दींवर पत्ते खेळलेले. चौथा जयराज. त्याला फोनवरची रमी तेवढी यायची, पण बाई म्हणाल्या, “चालेल. हात आहेत ना त्याला?”

अडचण एकच होती. हॉलच्या भिंतीवर ‘पत्ते खेळण्यास सक्त मनाई’ असा बोर्ड होता. मागं कधीतरी तीनपत्तीवरून काही ज्येष्ठांनी एकमेकांवर काठ्या उगारल्या होत्या, तेव्हापासूनचा. पुन्हा पत्ते दिसले तर हॉलला कुलूप लावीन, असं मॅडमनी बजावलेलं. म्हणून चौघं कोपऱ्यातल्या टेबलावर योगासनांचं मोठं पुस्तक उभं करून त्याच्या आडोशाला बसू लागले.

आधी म्हातारी जोडी विरुद्ध पोरांची जोडी असा खेळ झाला. चारही दश्श्या एकाच जोडीनं मारल्या की समोरच्यांवर कोट चढतो. पोरांनी लागोपाठ कोट चढवले तेव्हा बाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. दोघं एकमेकांना मेसेज पाठवत होती.

“लाज वाटत नाही, म्हाताऱ्या माणसांना फसवायला?”

“आणि तुम्ही खोकून सुभेदारांना सांगता ते?” जयराज म्हणाला.

“मला दमा आहे.”

“फक्त बदाम हुकूम असल्यावर?”

शेवटी जोड्या बदलल्या. बाई आणि जयराज, सुभेदार आणि पूजा. आता कुणाची खूण कुणाला कळेना. लबाडी करायची तर आधी माणूस ओळखावं लागतं, तेव्हा जयराज मधल्या वारी बाईंच्या घरी येऊ लागला. बाईंनी त्याला एक्स्चेंजच्या काळातल्या खुणा शिकवल्या: चष्मा पुसला की किलवर, पदर सारखा केला की इस्पिक, कान धरला की दश्शी टाक. रात्री नवीन खूण सुचली की सकाळपर्यंत वाट कोण बघणार, म्हणून बाई व्हॉट्सअ‍ॅपही शिकल्या. संघाच्या वर्गात त्यांना फोनचं कुलूपसुद्धा उघडत नसे.

ही दोघं जिंकू लागली. सुभेदार चिडू लागले, आणि ते इतक्या चांगल्या रीतीनं चिडत की शेजारच्या टेबलावरची म्हातारी माणसं बघायला येत आणि जाताना स्वतःचा डाव मांडत. मुलं मित्रांना घेऊन येऊ लागली. दिवाळीपर्यंत हॉल गच्च. एवढी योगासनांची पुस्तकं संघात नव्हती, मग कुणी पंचांग उभं केलं, कुणी कुकरचा डबा.

मॅडम दारातून बघत आणि भारावत. त्यांनी उपक्रम दाखवायला पुण्याहून पाहुणे बोलावले. स्टेजवर बाईंना बसवलं, जयराजच्या हातात माईक दिला आणि विचारलं, “सांग बेटा, आजींकडून काय मिळालं?”

पाठ केलेलं भाषण दुसऱ्या वाक्याला सांडलं. जयराजनं घाबरून बाईंकडे पाहिलं. नेमकं तेव्हाच त्या माईकपायी बाईंच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं, आणि त्यांनी कान धरला.

“आत्ता?” जयराज माईकवरच म्हणाला. “आजी, आत्ता कुठली दश्शी टाकू?”

मग पहिल्या रांगेतून सुभेदार उठले.

“तरीच! कान धरत्यात! आवं, आमी दर शनवारी मार खातोय आन् ही दोगं खुणा करत्यात! फौजेत आसता तर भिंतीला उभं केलं आसतं!”

“तुम्ही पूजाला पाय मारता त्याचं काय?” बाईही कडाडल्या.

“त्यो संधिवात हाय माजा!”

संध्याकाळी हॉलला कुलूप लागलं.

पुढच्या शनिवारी मुलांनी ज्येष्ठांना रिक्षांत कोंबून कॉलेजच्या कँटीनला नेलं. सगळे आले, एक सुभेदार सोडून. धोकेबाजांबरोबर बसणार नाही, असा त्यांचा निरोप होता. बाईंसमोर पिसलेले पत्ते आणि एक रिकामी खुर्ची. आजूबाजूला दहा डाव रंगलेले. त्यातला कुठलाही गडी मागितला तर मिळाला असता, पण बाईंना सुभेदारांसारखं चिडणारं कुणी दिसेना.

तेवढ्यात संयोगिता मॅडम तरातरा आत आल्या. “पुण्याचे लोक पुन्हा येणार म्हणतात, आणि हॉलमध्ये मी एकटी बॅनरखाली बसलेय! चला सगळे परत!”

“कुलूप?” बाईंनी विचारलं.

“काढते.”

“बोर्ड?”

“बोर्ड कमिटीनं लावलाय. मला काढता येत नाही.” मॅडमनी आवाज खाली आणला. “पण त्याच्यावर कॅलेंडर टांगायला कुणाची मनाई नाही.”

“बसा मग. चौथा गडी नाहीये.”

“मला खेळता येत नाही हो.”

“ते उत्तमच,” बाई म्हणाल्या आणि पत्ते वाटले. पूजानं मॅडमचा फोटो काढून सुभेदारांना पाठवला, खाली लिहिलं, ‘तुमच्या खुर्चीवर.’

अर्ध्या तासात सुभेदार धापा टाकत हजर. “उठा मॅडम. ह्ये चोर तुमास्नी न्हाई झेपायचं.”

बाईंनी चष्मा पुसला. सुभेदार ओरडले, “किलवर! घरी बसून येवडी एक वळखली, आता समद्या खुणा शिकूनच ऱ्हाईन, काय समजलात?”

कॅलेंडर अजून त्या बोर्डावर आहे, तेवीस सालचंच. पूजा पोलिसांत भरती झाली. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडली की ती आधी पत्ते कसे पिसतात ते बघते, असं ऐकिवात आहे. जयराज पुण्याला नोकरीला लागला. शनिवारी फोनवरून डावात बसतो आणि खूण दिसत नाही म्हणून रेंजला शिव्या घालतो. मधुताई वाईला घाटावरच्या बायकांना मेंढीकोट शिकवतात आणि आरतीबद्दल काही बोलत नाहीत. सुभेदार गेल्या थंडीत झोपेतच गेले. आदल्या दिवशी त्यांच्यावर तीन दश्श्यांची चढाई झाली होती आणि डाव अर्धा राहिला होता. कोट चढू नये म्हणूनच ते गेले, असं विनोदिनीबाईंचं ठाम मत आहे आणि त्याबद्दल त्यांनी सुभेदारांना अजून माफ केलेलं नाही. त्यांच्या खुर्चीवर आता संयोगिता मॅडम बसतात. खेळ यथातथाच आहे, पण हरल्यावर चिडतात छान.