कानसेनचे हेडफोन

सुनेनं स्पीकरची वायर कात्रीनं कापली तेव्हा सासरे समोरच्याच खुर्चीत बसले होते. ती आली, टेबलामागे वाकली, कच्चकन आवाज झाला आणि गाणं तान अर्धी सोडून थांबलं. मग ती कात्री हातात घेऊनच आपल्या खोलीत परत गेली, फोनची पट्टी डोक्यावर चढवली आणि म्हणाली, "हो सर, बोला. आता शांत आहे."

कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी ती घरात बसून ऐकायची. दिवसाला साठ-सत्तर माणसं तिच्या कानात कावलेली असायची. त्या आठवड्यात तिघांनी विचारलं होतं, तुमच्याकडे कोण किंचाळतंय? कंपनीनं लेखी ताकीद दिली होती. आणखी एकदा झालं तर काम बंद.

सासरे दहा मिनिटं तसेच बसून राहिले. मग शांतपणे उठले आणि इंटरनेटच्या डबीचं बटण बंद करून आले. आत चालू असलेलं बोलणं तुटलं.

संध्याकाळी नवरा घरी आला. जमिनी मोजायचं काम करणारा माणूस. शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं रोज बघायचा, पण ती दुसऱ्यांची असायची. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि पंधरा हजार टेबलावर ठेवले.

"बाबांना चांगले हेडफोन घ्या. दोघांनी मिळून जा. एकानं आणले तर दुसरा त्यांनाही कात्री लावेल."

"आणि तू?" वडलांनी विचारलं.

"मला सुट्टी नाही," तो म्हणाला. ते खोटं आहे हे तिघांनाही माहीत होतं.

सासऱ्यांना कारखान्यात 'कानसेन' म्हणायचे. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांचं एकच काम होतं. तयार झालेला पंप बाकावर चढवायचा, चालू करायचा, कान लावायचा आणि सांगायचं: पास, किंवा परत. आतलं बेअरिंग किंचित जरी कुरकुरलं तरी त्यांना कळायचं. पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम कानसेनच्या बाकापाशी आणायचे. दुसऱ्या बाकावर असंच काम करणारा त्यांचा मित्र होता. डबा एकत्र, घरी येणंजाणं, सगळं.

मग एका वर्षी पंप गिऱ्हाइकांकडून परत यायला लागले. महिन्या-दोन महिन्यांत आवाज करायचे, तापायचे. पास कुणी केले, याची चौकशी झाली. कानसेननी छातीवर हात ठेवून सांगितलं, माझ्या बाकावरून असला पंप जाणं शक्य नाही. त्यांचा शब्द जड होता. मित्राची रवानगी गोदामात झाली, खोकी बांधायला. पंप त्यानंतरही परत येतच राहिले, तेव्हा कंपनीनं आवाज मोजायचं यंत्र आणलं आणि दोन्ही बाक काढून टाकले. त्याला अकरा वर्षं झाली. घरात अजूनही कुणी कामात माती खाल्ली की सासरे म्हणायचे, "दुसऱ्या बाकावरचाच दिसतोय." सुनेलाही ते हे अनेकदा म्हणाले होते.

शनिवारी दोघं दुकानात गेले. दुकान लांबट होतं आणि मागच्या बाजूला काचेचं दार असलेली छोटी खोली होती. भिंतीवर खुंट्या, खुंट्यांना हेडफोन, खाली जाडजूड सतरंजी. मालकीण पन्नाशीची होती. बोलायला लागली की आपलं म्हणणं संपवूनच थांबायची.

"काय ऐकता?"

"गाणं. गळ्यातलं. बसून ऐकायचं," सासरे म्हणाले.

"किती वेळ?"

"सकाळी तीन तास. दुपारी दोन."

"संध्याकाळीही," सून म्हणाली.

"तुम्हाला नाही विचारलं," मालकीण म्हणाली. "चष्मा कायम असतो? मग कानावरची गादी मऊ हवी. काडीमुळे फट पडली की खर्ज गळून जातो. बजेट?"

"पंधरा."

"त्यात बरं मिळेल. पण किमतीकडे बघून ऐकू नका. मी आकडा शेवटी सांगेन. आधी तुम्हाला कसा आवाज आवडतो ते ठरवा."

तिनं एकामागून एक तीन हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवले. पहिल्याला सासरे म्हणाले, गोधडीखालून गातोय. दुसऱ्यालाही गोधडीच. तिसरा तर म्हणे विहिरीत पडलाय. सुनेनं तिसरा कानाला लावून पाहिला. गाणाऱ्याचा श्वास घेतल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

"काय वाईट आहे यात?"

"तुला काय कळतंय? तू दिवसभर मशीनवाल्यांची रडगाणी ऐकतेस."

"त्या रडगाण्यांवर घरातलं अर्धं सामान येतं."

"भांडायचं तर बाहेर," मालकीण म्हणाली. तिनं चौथा हेडफोन दिला. त्याच्या वाट्यांना मागून बारीक जाळी होती. सासऱ्यांनी डोळे मिटले. त्यांची बोटं मांडीवर ताल धरू लागली.

"हा बरा आहे. अजून धार हवी, पण बरा आहे."

सून चार हात लांब बसली होती आणि तिला गाणं शब्दनशब्द ऐकू येत होतं.

"हे काय? हे तर सगळं बाहेर येतंय."

"हे उघडे आहेत," मालकीण म्हणाली. "आवाज मोकळा वाटतो, कारण तो खरंच मोकळा सुटतो. शेजारच्याला त्रास होतोच. ते नको असेल तर बंद वाट्यांचे घ्या."

"मग स्पीकरनं काय घोडं मारलं होतं?"

"तू दुसऱ्या खोलीत बस," सासरे म्हणाले.

"मी दुसऱ्याच खोलीत असते, बाबा. दार लावून. तुम्हाला हाक मारली तर ओ देत नाही, आणि आवाज कमी करा म्हटलं तर वाढवता."

"तू हाक मारत नाहीस. तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस. मला ऐकू येऊ नये म्हणून शिव्या पुटपुटतेस."

मालकीण इतका वेळ दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. आता ती फक्त सासऱ्यांकडे बघू लागली.

"घरी स्पीकरचं बारीक, वरच्या सुरांचं बटण कुठवर फिरवलेलं असतं?"

"शेवटपर्यंत. त्याशिवाय शब्द उघडत नाहीत."

"कामाला कुठे होतात?"

"कारखान्यात. पंपांचे आवाज तपासायला. कानसेन म्हणायचे मला."

"एक करू या. हेच डोक्यावर असू देत. मी शिट्टीसारखे आवाज लावते, खालून वर. ऐकू आला की बोट वर करा. गंमत म्हणून."

ते हसले. परीक्षा ऐकण्याची असेल तर त्यांना काळजी नव्हती. त्यांनी पाठ ताठ केली आणि मालकिणीनं पहिला आवाज लावला, घुमणारा, जाड. बोट वर. दुसरा, तिसरा. बोट वर. आवाज हळूहळू पातळ होत गेला. सहाव्याला बोट जरा उशिरा वर गेलं. सातव्याला गेलंच नाही.

सून बसल्या जागी दचकली. जाळीतून एक तीक्ष्ण शिट्टी बाहेर येत होती. तिच्या दाढा शिवशिवल्या. मालकिणीनं आवाज वाढवला. सुनेनं एक कान झाकून घेतला. ज्यांच्या कानांवर ती शिट्टी वाजत होती ते सासरे शांतपणे बोट तयार ठेवून बसले होते.

"लावा की," ते म्हणाले.

मालकिणीनं बटण बंद केलं. "लावला होता."

"मशीन बिघडलंय तुमचं."

"मशीन ठीक आहे. यांना विचारा."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. तिचा हात अजून कानावर होता. लग्नानंतरच्या चार वर्षांचं सगळं तिच्या जिभेवर आलं आणि तिनं ते अडवलं नाही.

"पंपही असेच पास करत होतात का?"

त्यांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले.

"तुम्ही दोघींनी आधीच ठरवलं होतं हे. तू मला इथं यासाठीच आणलंस."

"काका, मी यांना आज पहिल्यांदा बघतेय आणि पुन्हा बघायची मला हौस नाही," मालकीण म्हणाली. "यंत्रांजवळ आयुष्य गेलेल्यांचे वरचे आवाज असेच जातात. हळूहळू जातात, म्हणून ज्याचं त्याला कळत नाही. बेअरिंगची कुरकुर, गाण्यातले स-श, बायकांचं हळू बोलणं, सगळं तिथेच असतं. मी डॉक्टर नाही. डॉक्टरला दाखवा."

"किती वर्षं लागतात जायला?"

"ते मला कसं कळणार? दहा-पंधरा. जास्तही."

सुनेला वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल, आणि क्षणभर वाटलंही. मग तिच्या लक्षात आलं की सासरे तिच्यावर चिडलेलेच नाहीत. ते बोटांवर वर्षं मोजत होते.

मालकिणीनं बंद वाट्यांचा एक जोड काढला, मऊ गादीचा, वजनाला हलका. त्याच्यासोबत फोनवर जाड आणि बारीक आवाज वेगवेगळे कमीजास्त करायची सोय होती. तिनं खालचे आवाज उतरवले, वरचे थोडे थोडे चढवले, दर वेळी विचारत, आता? आता? बऱ्याच वेळानं सासरे म्हणाले, "आता शब्द उघडले." सुनेनं लावून पाहिले आणि लगेच काढले. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटत होतं.

"यांना आवडतोय तो आवाज दुसऱ्याला सोसणार नाही," मालकीण म्हणाली. "म्हणूनच वाट्या बंद हव्यात. बारा हजार. आणि ही खूण केलीय, आवाज याच्या वर न्यायचा नाही. उरलंय तेही जाईल."

पैसे देऊन दोघं बाहेर आले. कोपऱ्यावर सून घराकडे वळली. सासरे वळले नाहीत.

"मला इकडे जायचंय. तू जा."

"कुठे?"

"दुसऱ्या बाकावरच्याकडे."

ती गेली नाही. दहा पावलं मागं ठेवून चालत राहिली. तीन गल्ल्या पलीकडे एका इमारतीत ते जिना चढले. ती खालच्या वळणावर थांबली. दार उघडल्याचा आवाज आला.

"ते पंप माझ्या बाकावरचे होते," सासरे म्हणाले. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "माझे कान गेलेत. तेव्हाच गेले असणार. आज कळलं."

वरचा माणूस म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं. मी साहेबाला सांगितलं होतं, एकदा त्याचे कान तपासा. तू काय केलंस आठवतं?"

"नाही."

"हसलास. सगळ्यांसमोर. साहेबही हसला."

"मी माफी मागायला—"

"अकरा वर्षं खोकी बांधली मी. गुडघे गेले त्यात. तुझे कान गेले म्हणून आता मी तुला पाणी विचारू?"

"नको विचारूस."

"मोठ्यानं बोललो ते ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग जा."

दार आपटलं नाही. नीट, कडीसकट बंद झालं. सासरे कठड्याला धरून खाली आले आणि सून दिसल्यावर थांबले.

"ऐकलंस?"

"हो."

"ऐकणारच. तुझे कान चांगले आहेत."

घरी जाईपर्यंत ते एवढंच बोलले.

हेडफोनमुळे गाण्याचं भांडण मिटलं. बाकीची राहिली. डॉक्टरनं कानाचं यंत्र सुचवलं, ते सासऱ्यांनी घेतलं नाही, म्हणाले, बघू. सुनेनं वायर कापल्याबद्दल माफी मागितली नाही, त्यांनी डबी बंद केल्याबद्दल नाही. फक्त 'दुसऱ्या बाकावरचा' हा शब्द घरातून गेला, आणि ती हाक मारायला दारापर्यंत येऊ लागली.

महिन्याभरानं एका दुपारी तिची कामाची वेळ संपल्यावर ते तिच्या खोलीत आले.

"तुला टाइप करता येतं. एक पत्र करून दे. कारखान्याला."

ते सांगत गेले, ती टाइप करत गेली. अमुक साली परत आलेले पंप मी पास केले होते. माझ्या सांगण्यावरून ज्याला बाकावरून काढलं त्याचा दोष नव्हता. त्याच्या कागदांत तसं लिहावं. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसून पडद्यावरचं पत्र वाचलं.

"हे 'कदाचित' कुणी घातलं? मी म्हणालो नव्हतो."

"मी घातलं. खात्री कुठे आहे तुम्हाला? इतकी वर्षं झाली. उद्या ते तुमच्याच पेन्शनवर आले तर?"

"काढ ते."

"बाबा, ऐका जरा."

"ऐकलं मी. काढ."

तिनं तो शब्द काढला. त्यांनी छापील कागदावर सही केली, दुसरी प्रत मित्राच्या पत्त्यावर पाठवायला सांगितली आणि आपल्या खोलीत जाऊन डोक्यावर हेडफोन चढवले. कारखान्यातून दोन ओळींची पोच आली. दुसऱ्या पत्त्यावरून काहीच आलं नाही.