दहावे माप

संगणकाच्या पेटीवर तळहात ठेवून एस्तेरबाईंनी आधी तीन नावे घेतली.

"उखा गावित, रेवजी उखा, दानियल रेवजी. माझ्या आजाचा बाप, माझा आजा आणि माझा बाप. या तिघांनी विसरवाडीत माल तोलला, आणि त्यांच्या वजनावर कुणी बोट ठेवलं नाही. हे ध्यानात ठेव. आता उघड."

ललितने मान डोलावली आणि पहिला स्क्रू सैल केला. एस्तेरबाईंनी खुर्ची इतकी जवळ ओढली, की त्याच्या हाताची सावली त्यांच्या पदरावर पडली.

हायवेच्या कडेच्या या काट्यावर ट्रक उभा राहिला, की वजनाचा आकडा एका जाड वायरीतून संगणकात येई आणि पावती छापून निघे. जुना संगणक जळाला. त्यांच्या भाच्याने, जोएलने, नवा आणला, पण त्याला ती वायर लावायला जागाच नव्हती. दोन दिवस पावत्या हाताने लिहून झाल्या. डाळ मिलच्या मुनीमजींनी निरोप धाडला होता, की उद्यापासून छापील पावती नसेल तर मिलचे ट्रक समोरच्या काट्यावर जातील.

नवापूरचा नेहमीचा कारागीर यायचा होता. त्याच्याऐवजी धानोऱ्याचा हा ललित आला, आणि तोही काम मागून घेऊन. धानोऱ्याहून इतक्या लांब, दोन तासांच्या कामासाठी? शिवाय त्याने आणलेली बॅग. ती त्याने स्कूटरवरून दोन्ही हातांनी उचलली, भिंतीशी ठेवली, आणि एस्तेरबाईंनी "यात काय आहे?" म्हटल्यावर "सामान शे" एवढेच बोलला. पेचकस आणि पकडीला एवढे वजन नसते. वजनाच्या बाबतीत एस्तेरबाईंचा डोळा फसत नसे.

पेटीचे झाकण निघाले. ललितने आत टॉर्च मारला.

"बाई, वायरनं कार्ड बसाडाले जागा शे, पण दिसत नही."

"दिसत नाही ती जागा कसली?"

त्याने बोटाने दाखवले. काट्यावरच्या कॅमेऱ्यांचे कार्ड एका खाचेत होते. वरच्या खाचेत दोन पंख्यांचे एक दणकट कार्ड पसरून बसले होते, आणि त्याच्या पोटाखाली एक आखूड खाच दडपली गेली होती.

"हाई मोठं काढनं पडी. हाई गेम खेयाले लागस, बाई. ट्रक तोलाले नही."

एस्तेरबाईंच्या डोळ्यांपुढे जोएलचा चेहरा आला. त्याचा समाचार नंतर घेता येणार होता.

"काढ. पण काढलेलं इथं, माझ्या हातात दे. तुझ्या बॅगेत जायचं नाही."

ललित हसला नाही. त्याने अलगद कार्ड सोडवून त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर ठेवले. पडद्याची वायर त्याने संगणकाच्या मूळ जागी जोडली, आणि आखूड खाचेत बोटभर लांबीचे नवे कार्ड दाबून बसवले.

"एवढंच? दुसरं काही आत ठेवलं नाहीस ना?"

"पहा ना तुम्हीच."

त्यांनी वाकून पाहिले. काट्याच्या वायरीत चिमूटभर सर्किट घालून ट्रकमागे क्विंटल खाणाऱ्यांच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या. आत फक्त कॅमेऱ्यांचे कार्ड आणि हे नवे, दोनच दिसली.

आता काट्याची साक्ष घ्यायची होती. रेवजींनी किलोचा जमाना आला तेव्हा वीस किलोची दहा लोखंडी मापे घेतली होती आणि प्रत्येकावर छिन्नीने 'रे' कोरला होता. रोज सकाळी पहिल्या ट्रकाआधी ती काट्यावर चढत, दोनशे दिसले तरच फाटक उघडे. मात्र तीस वर्षांपासून मापे नऊच होती. दहावे दानियलनी कुणाला तरी एका दिवसासाठी दिले होते. कुणाला, ते मरेपर्यंत सांगितले नाही. विचारले की म्हणत, "बाहेर दिलंय, येईल." एस्तेरबाई त्या माणसाला मनात चोरच म्हणत आल्या होत्या. दहाव्या मापाच्या जागी त्यांनी घासून घासून वीस किलोचा केलेला काळा दगड ठेवला होता.

ललितने हातगाडीवरून नऊ मापे आणि दगड काट्यावर मांडले. पडद्यावर आकडा आला : २००.

"तो दगड कितला किलोना शे?"

"वीस. तुला कशाला हवंय?"

त्याने दगड उचलून खाली ठेवला. १८०. मग तो आत येऊन बॅगेकडे वळला. एस्तेरबाई उठून उभ्या राहिल्या.

"हात लावू नकोस तिला."

"काट्यावरच ठेवस, बाई. तुमनासमोर."

त्याने बॅगेतून गोणपाटात बांधलेले काहीतरी काढले, बाहेर नेले आणि काट्यावर ठेवून गोणपाट सोडले. पडद्यावर पुन्हा २००.

एस्तेरबाई बाहेर आल्या. माप गंजाने खडबडीत झाले होते. त्यांनी अंगठ्याने पापुद्रा खरवडला. खाली 'रे' होता.

"मन्हा बाप गुलाबसिंग गिरासे," ललित म्हणाला. "आत्याना लगीनमा ज्वारी मोजाले दानियलबाबानी दिनं व्हतं. ते विहीरमा पडनं. यंदा गाळ काढा, तवय सापडनं."

"तीस वर्षांत एकदा येऊन सांगता आलं नसतं?"

"बापू लाजतस. आजबी लाजतस."

मापाच्या बुडाशी एक गोल ठिपका चकाकत होता. ताजे शिसे.

"गंजानी थोडं खादं व्हतं. बापूनी तोली तोली शिसं भरं. पुरं वीस शे."

काट्याला दहा किलोच्या आतला फरक दिसत नसे. माप किलोभर कमी असते तरी त्याने दोनशेच दाखवले असते. एस्तेरबाईंनी त्या शिशावरून अंगठा फिरवला.

आत येऊन त्यांनी स्वतः कळ दाबली. नव्या कार्डातून पहिली पावती निघाली. मालकाच्या रकान्यात त्यांनी टंकले होते : गुलाबसिंग गिरासे, धानोरा. वजन २००. शेरा : पूर्ण.

"ही बापूंना दे. म्हणावं, दानियलबाबा म्हणायचे, येईल."

ललितने पावती खिशात ठेवली आणि हत्यारे आवरली. मिलचा पहिला ट्रक फाटकाशी हॉर्न देत होता. एस्तेरबाईंनी ललितची उघडी बॅग उचलली. आता ती हलकी होती. आत न पाहता त्यांनी तिची चेन ओढली आणि ती त्याच्या हाती दिली.