ठोक्यांमधले अंतर

मित्रांनो, छातीला बांधायचा पट्टा तुम्ही कधी पाहिला नसेल तर मला बघून घ्या. मी आता जुना झालो आहे. माझे इलॅस्टिक सैल पडले आहे आणि कडेचा दोरा सुटला आहे. काम मात्र अजून करतो. माणसाच्या हृदयाचे ठोके मोजणे हे माझे काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या आतल्या बाजूला दोन मऊ काळे तुकडे बसवले आणि बाहेर दोन टिचबटणे. त्या बटणांवर एक डबी बसते, काडेपेटीहून लहान. हृदयाचा ठोका पडतो तेव्हा कातडीवर विजेची अगदी बारीक लहर येते. काळे तुकडे ती ओळखतात आणि डबी ती मोबाइलला कळवते. बाहेर पाठवण्याआधी मला एका यंत्रावर चढवून खोटे ठोके दिले. ते सगळे एकाच अंतराने पडत होते. मला वाटले, माणसांच्या आतही असेच चालत असेल.

पहिल्यांदा मला ज्यांनी बांधले त्या पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. ताप उतरला, पण जिना चढला तरी दम लागायचा. डॉक्टरांनी सांगितले, "रोज सकाळी उठल्याउठल्या हा पट्टा बांधून स्वस्थ पडून राहा. मोबाइलवर आलेले आकडे मला दिसतील. ते सुधारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, मावशी."

बाईंना घाई होती. तलावावर मुलांचे नवे वर्ग लवकरच सुरू व्हायचे होते. तलावाचे व्यवस्थापक म्हणाले होते, "वर्ग सुरू होईपर्यंत तुमची जागा धरून ठेवतो. पुढे मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

पहिल्या सकाळी त्यांनी माझे काळे तुकडे पाण्याने ओले केले आणि मला छातीवर बांधले. मी कोरडा असलो की मला नीट ऐकू येत नाही. मी ऐकू लागलो आणि चकितच झालो. ठोके सारख्या अंतराने पडतच नव्हते! एक जरा लवकर यायचा, पुढचा जरा रेंगाळायचा. बाईंच्या श्वासाबरोबर ते अंतर थोडेसे कमीजास्त होत होते. किती गंमत वाटली मला! खोट्या ठोक्यांपेक्षा हे कितीतरी छान होते.

पण घरातल्या एका माणसाला ते मुळीच आवडले नाही. ते म्हणजे बाईंचे यजमान. आपण त्यांना काका म्हणू. काका घड्याळे दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावून चाके बसवायची, मग घड्याळ कानाशी धरून टिकटिक ऐकायची. दोन टिकटिकींमध्ये जरा फरक पडला की ते म्हणत, "लंगडतंय," आणि घड्याळ पुन्हा उघडत.

काकांनी मोबाइलवर ती लांब-आखूड होणारी अंतरे पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. बायकोचे हृदय लंगडत होते. तिला हे कसे सांगायचे?

त्यांनी सांगितलेच नाही. दोन-तीन दिवस ते नुसते पडद्याकडे बघत राहिले. बघता बघता एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. बाई वरवर, भरभर श्वास घेत तेव्हा अंतरे जवळजवळ सारखी पडत.

"अगं, असा मोठा श्वास घेऊ नकोस. वरवर घे. पोट हलायला नको."

"असंच घ्यायचं असतं का?"

"हो, मोजणी नीट येते."

"बरं बाई! आधी मुलांना श्वास शिकवायचे, आता तुम्ही मलाच शिकवा."

बाईंनी विश्वासाने ऐकले. बारीक यंत्रांतले काकांना कळते, अशी त्यांची खात्री होती. मी मात्र कासावीस झालो. मित्रांनो, मला ऐकता येते, बोलता येत नाही. बाई दिवसेंदिवस बऱ्या होत होत्या. जिना न थांबता चढत होत्या. आणि मी डॉक्टरांना पाठवत होतो ते आकडे दमलेल्या माणसाचे!

काका रोज समाधानाने म्हणत, "आता कसं छान चाललंय!" आणि डॉक्टरांचा रोज निरोप येई, "अजून नाही."

वर्ग अगदी तोंडावर आले. बाईंनी पोहण्याचा पोशाख कपाटातून काढला आणि पुन्हा आत ठेवला. शेवटी काकाच म्हणाले, "चल, डॉक्टरांनाच विचारू. आकडे एवढे सरळ आलेत, मग अडतंय कुठं?"

डॉक्टरांनी बाईंना खाटेवर आडवे केले आणि मला बांधले. काका शेजारी उभे होते. सवयीने त्यांनी बोट वर करून खूण केली. बाईंचे पोट हलायचे थांबले आणि श्वास वरवर सुरू झाला.

"मावशी, असा श्वास का घेताय?"

"असाच घ्यायचा ना? हे रोज सांगतात."

डॉक्टरांनी काकांकडे पाहिले. काकांनी खाली मान घातली. "तिचे ठोके लंगडत होते हो. ती घाबरेल म्हणून बोललो नाही. म्हटलं, जरा सरळ करून द्यावेत."

डॉक्टर हसल्याच. "काका, श्वास आत घेतला की हृदय थोडी घाई करतं, सोडला की थोडं रेंगाळतं. ते तसंच चालायला हवं. ताप, थकवा, काळजी असली की हा फरक बहुतेकदा आखडतो. तो पुन्हा वाढायची मी रोज वाट बघत होते, आणि तुम्ही रोज तो पुसून टाकत होतात!"

बाई उठून बसल्या. "म्हणजे मी बरी झाले होते आणि तुम्ही मला आजारी ठेवलंत?"

"अगं, मला काय माहीत..."

"बांधा हो यांना एकदा!"

मला काकांच्या छातीवर बांधले. पोट सांभाळायला इलॅस्टिक पार टोकापर्यंत सैल करावे लागले. मी ऐकले. ठोके भरभर पडत होते आणि जवळजवळ एकसारखे. इतक्या दिवसांची काळजी होती ना आत! डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं मात्र अगदी सरळ चाललंय."

"बघा," बाई म्हणाल्या, "स्वतःच घड्याळ झालात!"

मग बाईंची मोजणी पुन्हा झाली, नेहमीच्या श्वासाने. अंतरे मोकळी झाली. तरी डॉक्टरांनी एवढ्यावर होकार दिला नाही. आणखी काही सकाळी त्यांनी नीट मोजायला लावले. त्या सकाळी काका पडद्याकडे न बघता खिडकीशी उभे राहत. वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निरोप आला, "उतरा पाण्यात, उथळ बाजूला." बाई उतरल्या. मीही त्यांच्याबरोबर होतो आणि तो सगळा आनंद मी मोजला.

पुढे त्यांनी कितीतरी मुलांना तरंगायला शिकवले. घरी आल्यावर त्या मला गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवत. म्हणूनच मी इतका टिकलो. मग एका हिवाळ्यात बाई गेल्या. दुखणे वेगळे होते. मी मोजून कळणारे नव्हते.

त्यानंतर मी बरेच दिवस एका खणात पडून होतो. डबी बटणांवर तशीच राहिली आणि सेल संपला. परवा काकांनी खण उघडला. त्यांनी नवा सेल घातला, तुकडे ओले केले आणि मला स्वतःला बांधले. ठोके पुष्कळसे सरळ होते. काका म्हणाले, "हं." आणि पोटापर्यंत एक मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. हळूहळू अंतरे थोडी मोकळी झाली. आता ते रोज सकाळी असे पडून राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर काम झाल्यावर त्याची डबी काढून ठेवा आणि त्याला धुवा. घामाचे मीठ आम्हाला खाते. आणि पट्टा नसला तरी अडत नाही. मनगटावर दोन बोटे ठेवा, सावकाश श्वास घ्या आणि ठोक्यांमधले अंतर कसे बदलते ते बघा. शेजारी आई, बाबा, कुणी आपले माणूस बसलेले असेल तर आधी त्यांचा हात हातात घ्या. तुमचे ठोके काय, तुम्हाला नंतरही मोजता येतील.