वहिनीबरोबर वाळवंटात

बुटकीने दार उघडलं आणि तिथेच तिची पंचाईत झाली. समोर उभ्या असलेल्या बाईला म्हणायचं काय? इतकी वर्षं ती हिची वहिनी होती. गेल्या महिन्यात दादाच्या आणि तिच्या घटस्फोटावर सह्या झाल्या, आणि तेव्हापासून 'वहिनी' हा शब्द बुटकीच्या घशात अडकून बसला होता. नावाने हाक मारावी तर जीभ वळेना. शेवटी ती नुसतंच "या, या ना" म्हणाली, आणि मनातल्या मनात तिने स्वतःला चार शिव्या हासडल्या.

"येऊ ना? तू कामात नाहीस ना?" वहिनीने विचारलं.

हे तर अतीच झालं. ही बाई पूर्वी जिन्यातूनच "उघड गं लवकर, हात भरलेत माझे" म्हणून ओरडायची. (आपण तिला वहिनीच म्हणू. आपली काही अडचण नाही.)

बेत तसा जुना होता. आठवडाभर गाडी काढून वाळवंटात जायचं, वाटेत डोंगर चढायचे आणि चित्रांची दालनं बघायची. त्या वाळवंटातल्या ओस गावांत म्हणे कलाकारांनी गॅलऱ्या थाटल्या होत्या. मिठाचं गोदाम, बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, जिथे छप्पर सापडलं तिथे. डोंगर वहिनीसाठी, गॅलऱ्या बुटकीसाठी. वहिनी फिजिओथेरपिस्ट, आठवडाभर लोकांना चालायला लावायची आणि सुट्टीत स्वतः चालायची. बुटकी संग्रहालयात चित्रं टांगायची. काम भिंतीवरचं आणि उंची ही अशी, त्यामुळे तिचं निम्मं आयुष्य स्टुलावर गेलं होतं. दादाला या बेतात कधीच रस नव्हता. गाडीत वाळू जाते, एवढंच त्याचं म्हणणं.

दरवर्षी काही ना काही आडवं यायचं, आणि या वर्षी तर घटस्फोटच आला. तरी बुटकीने मन घट्ट करून मेसेज टाकला, 'जायचं का?' उत्तर आलं, 'हो, चालेल.' त्या 'चालेल'ने तिची झोप उडवली. उगाच भीड पडली म्हणून तर हो म्हणाली नसेल? भिडेखातर येणारं माणूस एकदा येतं, पुन्हा फिरकत नाही. आणि बुटकीला ही बाई पुन्हा पुन्हा यायला हवी होती. सख्खा भाऊ होता तो होताच, पण आजारपणात उशाशी बसली होती ती ही.

म्हणून तिने ठरवलं होतं की सगळा बेत हिच्या मनाजोगता करायचा. तिने टेबलावर नकाशा पसरला, त्याची कडा वर येऊ नये म्हणून मिठाची बरणी ठेवली आणि पेन्सिल उचलली.

"पहिल्या दिवशी पहाटे लाल टेकडी चढू."

"कशाला गं? त्यापेक्षा गोदामातली चित्रं बघू ना. तुला आवडतील."

"चित्रं काय, मी रोजच बघते. टेकडीच करू."

"बरं, तुला चालत असेल तर."

"छे छे, तुला चालत असेल तरच!"

नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा माणसं इतकं जपून बोलत नाहीत. दुसऱ्या दिवसासाठी बुटकीने वाळूच्या टेकड्या सुचवल्या, वहिनीने स्टेशनातली गॅलरी. तिसऱ्या दिवसासाठी बुटकीने सगळ्यात मोठी घळ चढून जायचं ठरवलं, वर साखळ्या धरून. वहिनीने तोंड उघडलं, मिटलं आणि ती "छान" म्हणाली. लग्न होऊन घरात आल्यापासून ही बाई तिला कधी 'छान' म्हणाली नव्हती. मिठावरून, टीव्हीवरून, गाडी लावण्यावरून दोघी अशा काही भांडायच्या की दादा चपला घालून बाहेर पडायचा.

"चौथ्या दिवशी," वहिनी फोनमध्ये बघत म्हणाली, "एक फिल्म दाखवतात. एक वाळूची टेकडी हळूहळू सरकते. सहा तासांची आहे. मी चौकशी केली, उशी देतात."

बुटकीने खूप आवरलं. खरंच खूप आवरलं.

"सहा तास? तू? अगं, तू चित्रांसमोर सहा मिनिटांत घोरायला लागतेस! मागच्या खेपेला रखवालदार विचारत होता, या बाईंना बरं नाही का!"

"रात्रपाळी करून आले होते मी!"

"दर वेळी?"

"आणि तू गं?" वहिनीने फोन आपटला. "घळ चढणार! त्या दुखऱ्या घोट्यावर! स्टुलावरून उतरताना माझा खांदा लागतो तुला. साखळ्या धरून चढणार म्हणे! वर जाऊन अडकलीस तर मी काय पाठीवर घेऊन उतरू?"

"घे! एरवी डोक्यावर बसलेली असतेसच!"

"कोण कुणाच्या डोक्यावर बसलंय? मठ्ठ कुठली! कधीपासून जीभ चावत बसलेय मी!"

"मग कशाला चावलीस?"

वहिनी एकदम थांबली. खुर्चीत मागे टेकली.

"मला वाटलं, दया आली म्हणून बोलावलंस. एकटी पडली बिचारी, म्हणून. म्हटलं, जास्त नखरे करू नयेत."

"दया?" बुटकीचे डोळे भरून आले आणि तिला त्याचाही राग आला. "मला वाटलं तू भिडेखातर येतेयस. एवढी ट्रिप करायची आणि मग सुटायचं."

"सुटायचं कशातून?"

"आमच्यातून."

"अगं, घटस्फोट मी तुझ्या भावापासून घेतला," वहिनी म्हणाली. "तुझ्यापासून घ्यायचा असता तर दुसरा वकील बघितला असता. हा फारच नेभळट होता."

बुटकी हसली, मग रडली, आणि नाक पुसायला काही सापडेना म्हणून ओढणी वापरली. पण जो प्रश्न महिनाभर तिला कुरतडत होता तो आता बाहेर पडल्याशिवाय राहिला नाही.

"आणि दादाने उद्या दुसरं लग्न केलं तर?"

"करू दे की."

"तिला मी काय म्हणू मग?"

वहिनीने मिठाची बरणी इकडची तिकडे सरकवली. तिलाही हा प्रश्न नवा नसावा.

"नावाने हाक मार तिला," ती म्हणाली. "वहिनी मी आहे."

बुटकीने मान हलवली. मग खोडरबर घेऊन तिने घळ खोडून तिथे गोदाम लिहिलं, फिल्म खोडली, आणि खाली वाकून ती नकाशावरचे रबराचे कण उगाच बराच वेळ झाडत बसली.

"बरं, वहिनी," ती शेवटी म्हणाली. "मग चौथ्या दिवशी काय करायचं?"

"काही नाही. सावली बघून लोळू," वहिनी म्हणाली, "आणि दिवसभर भांडू."