दुर्बिणीतला धागा

"या थिओडोलाइटपुढे पृथ्वीला एकही कोन लपवता येणार नाही!" कारागिराने जाहीर केलं. ऐकायला फक्त बायको होती, आणि ती लसूण सोलत होती.

कोन मोजायच्या या यंत्रात त्याने पितळेऐवजी अंशांच्या खुणांची काचेची तबकडी बसवली होती. यंत्राभोवती फेऱ्या न मारता एकाच भिंगातून सगळे आकडे दिसत. उद्या मोजणीखात्याचे साहेब ते पारखायला येणार होते.

तेवढ्यात यंत्राच्या दुर्बिणीतला नेम धरायचा धागा तुटला. तिथे कोळ्याच्या जाळ्याचाच तंतू लागतो. दुसरा जाड पडतो.

"अगं, माळ्यावरची जाळी?"

"साहेब येणार म्हणून सकाळीच झाडली. माझ्या माहेरी जाळीच जाळी, हे वीस वर्षं तुमच्या तोंडून ऐकतेय ना!"

कारागिराने पायात वहाणा सरकवल्या.

"तुझ्या आईला निरोप धाड ना. म्हणावं, जावई येताहेत, घर झाडू नका."