दुर्बिणीतली तांबडी

तांबडीनं कोकरू नेलं, असं भुजंग म्हणाला तवा अंबाबाई शेळीचं दूध काढत व्हती. तिचा हात काय थांबला न्हाई. धार चरवीत पडतच ऱ्हायली. तिनं फकस्त मान वळवून दिराकडं बगितलं.

"कुनी बगितलं?"

"म्या. अजून कुनी?" भुजंगनं गळ्यातली दुर्बीण वर उचलून दावली. "हिच्यातनं बगितलं. वढ्याच्या पल्याड, बाभळीखाली. तोंडात कोकरू व्हतं."

"कवा?"

"आज पहाटं. फटफटायच्या टायमाला."

तांबडी कुत्री तिथंच चुलीच्या राखंत अंगाची गुंडाळी करून पडली व्हती. आपलं नाव निगालं म्हणून तिनं एक कान वर केला आन परत पाडला.

 अंबाबाईनं दिराच्या गालाकडं बगून घेतलं. गालावर गाठोड्याच्या दोरीचा लालभडक वळ उठला व्हता. पहाऱ्यावर बसलेल्या माणसाच्या गालावर वळ कुठनं येतो?

बारा दिसांत तीन कोकरं गेली व्हती. तिन्ही पहाटं, आन तिन्ही भुजंगच्या पहाऱ्यात. अंबाबाईचा नवरा दत्तराव गुडघा धरल्यानं पालमकडं घरी पडून व्हता. त्यामुळं इकडं पेडगावच्या शिवारात, किशनरावाच्या सोयाबीन काढलेल्या रानात, मेंढरं घिऊन ही दीर-भावजयच बसली व्हती. रातीचा पहारा अंबाबाईचा, पहाटचा भुजंगचा. आन कोकराला चटावलेलं कुत्रं कळपात ठिवत न्हाईत, ही गोष्ट धनगराच्या घरात कुनाला सांगाय लागत न्हाई.

भुजंगनं तिच्या आधी भावाला फोन लावला, तितंच तिला पैला शक आला. इतकी घाई कशाला?

"ऐतवारी पैल्या गाडीनं येतो मी," दत्तराव फोनवर म्हणला. "भुजंग म्हणतो ते खरं असंल तर कुत्रीला ठिवायची न्हाई. रडारड करायची न्हाई, आधीच सांगतो."

"मी कवा रडले? आन खरं नसंल तर?"

"तर तू बगून सांग. त्यानं बगितलंय, तू बी बग."

तो दिस बिस्तरवारचा. म्हंजी ऐतवार धरून तीन पहाटा हातात. तांबडीची आय साप लागून मेली व्हती, तवा हिचं डोळं बी उघडलं नव्हतं. शेळीच्या दुधात चिंधी बुडवून बुडवून अंबाबाईनं जगवली व्हती तिला.

"आणा ती दुर्बीण हिकडं," ती म्हणाली.

दुर्बीण निकिताची. निकिता म्हंजी परभणीहून मोटारसायकलवर येणारी, लांडगं मोजणारी पोरगी. "मावशी, लांडगा दिसला की तारीख-वेळ सांगून ठेवा," म्हणून महिन्यामागं दुर्बीण दिऊन गेली. संगं एक पिशवी. पिशवीत रबराचा एक फुगा, बारका बुरूस, चष्म्याला देतात तसलं मऊ फडकं आन एक कागदाची पुडी. पुडीवर काय लिवलंय ते भुजंगनं वाचलं. 'खाऊ नये.' अंबाबाईनं ती पुडी तवाच खड्डा काढून पुरली. जे खायाचं न्हाई ते मेंढरांच्या वाड्यात पाठवायचंच कशाला? लांडगं मोजणाऱ्या बाईला लांडग्याचीच माया असणार, तिचा काय भरवसा.

तिनं दुर्बीण डोळ्याला लावली. समदं रान मळकट, पिवळट. जशी काय तुपाच्या बुधलीतून दुनिया बगायली.

"भाऊजी, ह्याच्यात मला किशनरावाची म्हस बी तांबडीच दिसायली!"

"घाण बसली आसंल. आणा, पुसून देतो." भुजंगनं काचंवर पचकन थुकी लावली आन सदऱ्याच्या टोकानं खसाखसा घासली. त्याच सदऱ्याला सकाळधरनं मेंढ्यांच्या लोकरीचा चिकटा आन काळी माती लागलेली.

"ती पोरगी म्हणली व्हती, कपड्यानं पुसू नगा."

"काच हाय वैनी, काय गुलाबाचं फूल हाय का? पुसल्याबिगर साफ व्हती का कवा काच?"

अंबाबाईनं दुर्बीण आपल्या गळ्यात अडकवली ती मग काढलीच न्हाई.

शुक्रवारी पहाटं ती भुजंगच्या शेजारी बांधावर जाऊन बसली. थंडी अशी की दात वाजायले. पल्याड कालव्यावरनं धुकं रांगत यायलेलं. तिनं पदर नाकातोंडावरनं गच्च गुंडाळला, दुर्बीण डोळ्यात रुतंल अशी दाबली, आन बगती तर काय, पांढरं. नुसतं पांढरं.

"काय दिसंना की."

"बगू." भुजंगनं घेतली, जरा हातात खेळवली, डोळ्याला लावली. "मला तर दिसतंय. अंधुक हाय, पर दिसतंय. त्यो बगा वढा, ती बाभळ."

तिनं हिसकून घेतली. एक घडीभर बाभळीचा शेंडा दिसला, लगी पांढरं. परत त्याला दिली. त्याला दिसलं. परत तिनं घेतली. पांढरं.

"तुमाला दिसतं आन मला का दिसत न्हाई?"

"आता तुमच्या डोळ्याला मी काय करू?"

"डोळं माजं चांगलं हायत. सुईत दोरा मीच घालते, तुमची दैवशाला न्हाई घालत."

"माज्या बायकूला कशाला मदी आणायल्या!"

"मंग काय केलंव तुमी हिला? कुठं काय फिरवलंव?"

भुजंगनं कपाळावर हात मारला. "म्या? वैनी, रेडू बी दुरुस्त करता येत न्हाई मला!"

पर अंबाबाईच्या मनात शकानं घर केलंच. ह्याच्या हातात साफ आन आपल्या हातात धुकं, हे आपोआप कसं हुईल? ह्यानं डोळा लागलेला झाकायला मुक्या जनावरावर आळ घातला, आन आता आपल्याला बगू बी द्यायचं न्हाई. त्या राती तिनं दुर्बीण आपल्या कापडी पालात नेली. बारकी चार कोकरं घोंगडीखाली घिऊन ती तिथंच पडून रातीचा पहारा द्यायची, त्यांच्या मदी, उबंत, दुर्बीण दडवली आन पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला. आता लाव म्हणं हात.

शनिवारी फटफटायला लागलं तशी ती बांधावर आली. या वक्ताला पदर कमरंला खोचला व्हता. बसली, दुर्बीण लावली. जरा दिसलं, मग बगता बगता काच पांढरी पडली. ती पुसायला गेली. पुसलं तरी जाईना. वरनं पुसायली आन धुकं आतल्या अंगाला. भुजंगला दिली. त्याला बी दिसंना.

"आता बोला," भुजंग म्हणला. "रातभर तर तुमच्याजवळ व्हती. माजा वारा बी लागला न्हाई."

अंबाबाई बोलायच्या आतच वाघरीकडं गलका उठला. वाघर म्हंजी मेंढरांभवती लावलेली जाळी. दोघं पळत गेली. जाळी एका कोपऱ्याला वर उचललेली, मेंढ्या एका अंगाला चिपाडागत दाबून उभ्या. एक मेंढी वढ्याकडं तोंड करून वरडायली. चौथं कोकरू गेलं व्हतं.

आन तांबडी जाग्यावर नव्हती.

ती आली घटकाभरानं. वढ्याकडनंच आली, पाय भिजलेले, शेपूट हालवत. भुजंगनं काठी उचलली. अंबाबाई मदी उभी ऱ्हायली.

"अजून काय बगायचं ऱ्हायलंय, वैनी?"

"ऐतवार ऱ्हायलाय."

बोलली खरं, पर आता तिचा शक एका जागी राहिना. दिवसभर ती तांबडीला भाकर टाकायली आन टाकता टाकता तिच्या दाताकडं बगायली. खाती कशी, हावरी हाय का पोट भरलेलं हाय? तांबडीनं अर्धी भाकर तशीच सोडली, तवा अंबाबाईनं ती उचलून उलटीपालटी करून बगितली.

दुपारी निकिताची मोटारसायकल आली. अंबाबाईनं तिला बसाय घोंगडी टाकली, पर बोलली तोडून. "तुजी दुर्बीण खोटी हाय. माणूस बगून दावती."

निकितानं दुर्बीण उन्हाकडं तिरपी धरून बगितली आन तिचं तोंडच उतरलं. "कशानं पुसलं हे?"

भुजंग एकदम मेंढरं मोजायला लागला.

"दोन रेघा पडल्यात, दादा. काळ्या मातीत बारीक खडा असतो. तुम्ही पुसलं नाही, घासलंत. आणि वरून लोकरीचं तेल. ह्यातून लांबचं सगळं मातकटच दिसणार." तिनं काच खाली तोंड करून धरली आन रबरी फुगा फुस्स फुस्स दाबला. मग बुरूस, असा की पिसानं कान कोरावा. मग फडक्याच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लावून काचंच्या मदनं बाहीर गोल गोल फिरवलं. "आधी धूळ उडवायची. धूळ असताना फडकं लावायचंच नाही. आणि पाणी फडक्याला, काचेला नाही. थुंकी तर अजिबात नाही."

"आन ते धुकं?" अंबाबाईनं विचारलं. "मला एकटीला काऊन यायलंय?"

"कशी बघता दाखवा."

अंबाबाईनं पदर नाकावरनं घेतला, दुर्बीण डोळ्यावर दाबली. निकिता हसली. "मावशी, पदरातला गरम श्वास वर जातो, थेट गार काचेवर. नाक उघडं ठेवा. श्वास खाली सोडा. काच डोळ्याला चिकटवू नका, वाऱ्याला वाट ठेवा. दादांनी नाकतोंड झाकलं नसणार, म्हणून त्यांना दिसलं."

भुजंग लांबनंच वरडला, "ऐकलं का वैनी!"

"पर आज तर तुमाला बी दिसलं न्हाई," अंबाबाई म्हणाली.

"रात्री कुठे होती दुर्बीण?"

अंबाबाईनं सांगितलं. कोकरांत, घोंगडीखाली.

"चार कोकरांचा श्वास रात्रभर आत गेला. ही जुनी आहे, ओल आत शिरते. मग गार हवेत आणली की तीच ओल आतून काचेवर. आता सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवू संध्याकाळपर्यंत. रात्री पिशवीत घालून पालाच्या बाहेर टांगा, म्हणजे काच आणि हवा सारखीच गार. आणि पिशवीत ती पुडी असू द्या, ती ओल पिते. कुठे आहे पुडी?"

"पुरली," अंबाबाई म्हणाली.

निकितानं आपल्या खिशातनं दुसरी काढून दिली. अंबाबाईनं ती चिमटीत धरून वास घेतला, मग पिशवीत टाकली.

जाताना ती पोरीला म्हणाली, "तू लांडगं वळखतीस. मग सांग की, कुत्रीनं नेलं का लांडग्यानं?"

"खुणा सगळ्या मेंढ्यांनी तुडवल्यात, मावशी. बघितल्याशिवाय मी नाही सांगणार."

अंबाबाईला हे जरा बरं वाटलं. लांडग्याची बाजू घ्यायची असती तर पोरगी आत्ताच म्हणली असती, कुत्रीच हाय म्हणून.

दुर्बीण बाहीर टांगायची म्हंजी भुजंगच्या हाताशी. अंबाबाई रातभर पालाच्या तोंडाशी पडून तिच्यावर नजर ठिऊन ऱ्हायली. भुजंग पहाऱ्याला उठला, तिच्याकडं बगून म्हणला, "न्हाई खात मी ती."

ऐतवारची पहाट. दोघं बांधावर. तिनं नाक उघडं ठिवलं, थंडीनं नाक गळायला लागलं तरी. दुर्बीण डोळ्यापून बोटभर लांब धरली. आन बाभळीचा काटा न काटा दिसला. बगळा दिसला वढ्यात, एका पायावर. रेघा व्हत्या दोन, पर त्या एका कडंला.

बऱ्याच वेळानं तांबडी उठली. अंग झाडलं. वाघरीला एक येढा घातला, जशी रोज घालती, आन वढ्याकडं निगाली. अंबाबाईनं दुर्बीण तिच्या जबड्यावर धरली. तिच्या तोंडात काय नव्हतं.

बाभळीखाली काय तरी हाललं. कुत्र्यापरीस उंच, पाय काटकुळं, अंगाचा रंग वाळल्या गवताचा. लांडगा. अंबाबाईनं जलमभर लांडगं बगितलं व्हतं, वळखायला दुर्बीण लागत नव्हती. तिचा हात काठीकडं गेला. आता तांबडी झडप घालंल, आता गळ्याला धरंल.

तांबडीनं कान पाडलं. शेपूट हालवली. लांडग्यानं तिच्या मानंला नाक लावलं, तिनं लावू दिलं. मग वळून अंग त्याच्या अंगाला घासलं. आन तेवढ्यात दुसरा लांडगा, असाच काटकुळा, वढ्याच्या कडंकडंनं, त्या दोघांकडं बगत बी न्हाई असा, सरळ वाघरीकडं निगाला.

"भाऊजी, कोपरा! वढ्याकडला कोपरा!"

भुजंग गोफण घिऊन पळाला. वरडला, दगड सोडला. लांडगा वाकून मागं फिरला. आज कोकरू वाचलं.

भुजंग धापा टाकत परत आला. पैला लांडगा आन तांबडी अजून बाभळीखालीच व्हती; तिनं तिकडं बोट दावून दुर्बीण त्याच्या हातात दिली. त्यानं बगितलं, लय वेळ बगितलं.

"माजावर आलीय ती," तो म्हणला. "आन त्यो भडवा तिला नादी लावतो, दुसरा इकडं हात मारतो. म्या बगितलं तवा लांडगाच व्हता, वैनी. कोकरू ह्याच्या तोंडात असणार. त्याच्या आन तांबडीच्या रंगातला फरकच दिसत नव्हता मला."

"डोळा लागला व्हता का न्हाई तुमचा?"

भुजंगनं वढ्याकडं बगितलं. "लागला व्हता. तिन्ही टायमाला. मेंढी वरडल्यावर जाग आली, आन मग दुर्बीण लावली."

तांबडी परतली तशी अंबाबाईनं तिला पायात दाबून धरली. जबडा दोन्ही हातानं उघडला आन तोंडाचा वास घेतला. रगताचा वास नव्हता. शिळ्या भाकरीचा व्हता. मानंवर मातूर तिच्या न्हाईत अशा केसांचा झुपका चिटकला व्हता.

तिनं कोकरं खाल्ली नव्हती. पर राखली बी नव्हती. अंबाबाईनं तिच्या थोबाडावर एक चापट ठिऊन दिली आन मग तिथंच मातीत बसून तिला कवळ्यात घेतली.

गाडी फाट्यावर यायच्या आत तिनं दत्तरावाला फोन लावला. "कुठवर आलाव? परभणीत उतरा, बाजारातनं साखळी घ्या. लोखंडाची. दावं तोडंल ती."

"म्हंजी कुत्री ठिवायची?"

"माज सरंस्तोवर बांधून. जाळी बी दुहेरी लावायची. या, मग सांगते समदं."

तिकडं दत्तराव कायबाय बोलत व्हता. तिनं फोन ठिवला.

"आन पहाटचा पहारा उद्याधरनं दोघांनी करायचा," ती भुजंगला म्हणाली. "तुमी पेंगलाव तर मी हाय, मी पेंगले तर तुमी."

"म्हंजी अजून बी माज्यावर इस्वास न्हाई म्हणा की."

"न्हाई," अंबाबाई म्हणाली. "या, च्या घ्या. दूध ताजं हाय."