शेवटच्या कडव्यातलं नाव

धम्मदीपचं पत्र आलं ते साल अठ्ठ्याण्णव. मी तेव्हा वर्ध्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पत्र अर्ध्या पानाचं होतं आणि त्यात विचारलेलं एकच होतं: सर, शेवटच्या कडव्यात तुमचं नाव कसं घालू? मी उत्तर दिलं नाही.

धम्मदीप देवळीचा. त्याचे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. त्यानं मात्र इलेक्ट्रिक गिटार धरली, नागपुरात मित्र जमवून बँड काढला, आणि वर्ध्यात सगळे त्याला रॉकवाला म्हणू लागले. विद्यार्थी असताना तो ग्रंथालयात पहिल्यांदा आला तो बिघडलेला अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचं पुस्तक शोधत. ते काही आमच्याकडे नव्हतं. पण कपाटात जुनी वार्षिकं होती, ती चाळत तो दुपारभर बसला. त्यातल्या एकात माझी कविता होती, छापून आलेली एकुलती एक. खाली नाव नव्हतं, फक्त ‘एक वाचक’. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, त्यावर ती होती.

कापूस उडतो, केसांत बसतो,
तरण्याला जिनात म्हातारा करतो.

ही कोणाची, असं त्यानं विचारलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. त्याला कळायचं ते कळलं.

पुढे काही वर्षांनी ते पत्र आलं. त्यानं कवितेला चाल लावली होती. पण भीमगीतांच्या पार्टीत रीत अशी, की शेवटच्या कडव्यात कवीचं नाव आलं पाहिजे. नावाशिवाय गाणं म्हणजे उचललेला माल, असं त्याचे वडील सांगत. म्हणून त्याला माझं नाव असलेल्या दोन ओळी हव्या होत्या.

मी लिहायला बसलो नाही असं नाही. पण ‘हरिदास’ हे नाव भोंग्यावरून मैदानभर ऐकू येईल या कल्पनेनंच हात थांबायचा. कविता मुळात सामान्य आहे, लोक हसतील, हेही मनात यायचं. मग महिने गेले आणि आता इतक्या उशिरा काय लिहायचं, ही नवीन अडचण तयार झाली. ती मला सोयीची होती.

दोन हजार एकमध्ये त्याचा बँड आमच्या स्नेहसंमेलनात आला. मी सायकल स्टँडजवळ उभा राहून ऐकलं. भारनियमनावरच्या गाण्यात मध्येच गिटार, माइक, दिवे सगळं एकदम बंद व्हायचं. अंधारात त्याच्या बँडमधल्या चंद्रभानचा ड्रम तेवढा चालू राहायचा आणि पुढचं कडवं पोरं म्हणायची. माझं आवडतं मात्र देवळीच्या शेवटच्या एसटीचं. ते तो श्वास न घेता म्हणत जायचा, बस चुकलेल्या माणसासारखा. मग त्यानं एक नुसती धून वाजवली. “याचे बोल यायचे आहेत,” असं माइकवर म्हणाला. पोरांना ती गंमत वाटली. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं, पण चाल कवितेच्या ओळींवर चपखल बसत होती. कार्यक्रमानंतर तो भेटला. पत्राचं त्यानं काढलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला का, एवढंच विचारलं.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात तो काविळीनं गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी देवळीच्या विहारात गेलो आणि मागच्या सतरंजीवर बसलो. वंदना झाली. मग ज्याला त्याचं जे गाणं आवडायचं, ते तो सांगू लागला. साउंड सिस्टिमवाले डोमाजी म्हणाले, “त्यानं माहे दोन स्पीकर फोडले. तिसऱ्याची वाट पाहून राह्यलो होतो मी.” लोक हसले आणि डोमाजी डोळे पुसत खाली बसले. माझी पाळी आली तेव्हा मी एसटीचं गाणं सांगितलं. त्या धुनेचं मी काढलं नाही.

जेवणं झाल्यावर त्याची बहीण नंदिनी आईला घेऊन माझ्याकडे आली. चंद्रभान आणि बाकीचे मिळून त्याच्या गाण्यांची सीडी काढणार होते. त्या धुनेचे बोल धम्मदीपच्या वहीत होते, चंद्रभान गायला तयार होता, पण त्याची आई जिजाबाई अडून बसल्या होत्या.

“सर, मी त्याले म्हटलं, बापू, इतकं चांगलं गानं, बिनबोलाचं काऊन वाजवतं? तं म्हणे, कवीचं नाव नाई आलं अजून.”

जिजाबाई तशाच पुढे सांगत राहिल्या.

“मी म्हटलं, मंग तुह्यंच घाल. तं म्हणे, माय, दुसऱ्याच्या गान्यात आपलं नाव घालाचं असते का? अन् तुमच्यावर रागावे नाई तो. सर इचार करून राह्यले असतीन म्हणे.”

आठ वर्षं तो मला विचार करायला वेळ देत होता. नंदिनी म्हणाली, आई म्हणते ते बरोबर आहे. पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग आहे. तोवर नाव नाही आलं, तर धून तशीच जाईल, बिनबोलाची.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. ओळी चांगल्या आहेत की नाहीत, हे मला अजूनही सांगता येत नाही. ‘प्रिय धम्मदीप’ असं वर लिहिलं, खोडलं नाही, आणि खाली एवढंच:

हरिदास म्हणे, बाप घरी आला,
झटकता झटकता पांढराच राहिला.

त्याच्या आवाजात हे कसं लागलं असतं, ते आता कोणी सांगू शकणार नाही. चंद्रभान मनापासून गाईल. पण शेवटच्या ओळीवर धम्मदीपनं आवाज चढवला असता की उतरवला असता, हे विचारायचं राहून गेलं.

पाकिटावर नंदिनीचं नाव आणि देवळीचा पत्ता घातला. पोस्टाच्या पेटीपाशी नेहमीप्रमाणे वाटलं, एकदा घरी नेऊन पुन्हा वाचावं. पाकीट आत टाकलं.